बहात्तरचं धान्यवाटप आणि ‘टंचाई’ नावाची शाखा

पाऊस ओढ देतो तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयातली ‘टंचाई शाखा’ कामाला लागते. तिचं नाव ‘दुष्काळ शाखा’ का नाही? त्याचं मूळ महाराष्ट्राच्या १९६३ सालच्या एका छोट्याशा कायद्यात आहे. राज्याला लागू असलेल्या सगळ्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द त्याने पुसला आणि त्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, बसवला. कारण असं दिलं होतं की शेतीवर सरकारचं सतत लक्ष असतं, टंचाईची लक्षणं दिसताच मदत सुरू होते, तेव्हा फॅमिन पडायला आता वावच राहिलेला नाही.

खरा गुंता मराठीत झाला. पाऊस न पडणं आणि अन्नावाचून माणसं मरणं यांना इंग्रजीत ‘ड्रॉट’ आणि ‘फॅमिन’ असे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे दोन्हींना दुष्काळच म्हणतात. ‘अवर्षण’ हा शब्द आहे, पण पारावर तो कोणी बोलत नाही. कायद्याला टाळायचा होता भुकेचा अर्थ. सरकारी मराठीत मात्र पावसाचा दुष्काळही ‘टंचाई’ होऊन बसला. नाव बदललं तरी नियम तेच राहिले, असं या बदलाची बाजू घेणारे सांगत आले, आणि ते खोटं नाही. पण मोर्चा घेऊन तहसीलवर गेलेल्या माणसाच्या हातातला वजनदार शब्द गेला, हेही तितकंच खरं.

मदतीचे ते नियम आले १८७६-७८ च्या दुष्काळानंतर. त्या दुष्काळात दख्खनमधल्या सरकारी दुष्काळी कामांवरच्या मजुरांना दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे, एवढीच मजुरी ठरवली होती. त्यावर कामं सोडून निघून जाण्यापर्यंत वेळ आली. १८८० मध्ये आयोगाचा अहवाल आला, त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. अंगात जोर आहे त्याला काम, ज्याला काम झेपत नाही त्याला फुकट मदत, हा तिचा गाभा. पैसेवारी (पिकाचा अंदाज), मस्टर (मजुरांचं हजेरीपत्रक), मोजमाप हा सगळा संसार तिथूनच पुढे चालत आला.

बहात्तरला त्याची कसोटी लागली. सलग तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला आणि १९७२-७३ चं धान्य नेहमीच्या निम्म्यावरही आलं नाही. सरकारने घरोघर धान्य वाटलं नाही, कामं काढली. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, त्यांत बाया मोठ्या संख्येने. एवढ्या हातांना पुरतील अशा कामांचे आराखडे तयारच नव्हते, म्हणून मग खडी फोडायला बसवलं. त्या खडीचे ढीग पुढे कितीतरी वर्षं रस्त्याकडेला तसेच पडून होते. ‘उत्पादक कामं’ (पुढे उपयोगी पडतील अशी) या शब्दावर वाद घालणाऱ्यांनी ते ढीग आधी आठवावेत.

समन्वयाची खरी अडचण मात्र दुसरीकडेच होती. मजुरी द्यायचं एका खात्याने, धान्य आणायचं दुसऱ्याने. मस्टर भरलं, पगार हातात पडला, पण रेशन दुकानात माल नाही, असं होऊ लागलं. केंद्राकडून मागणीइतकं धान्य येईना, आणि परराज्यातून ते आणायला खासगी व्यापाऱ्यांना मनाई. तरीही चोरट्या वाटांनी ज्वारी येत राहिली. बंदी अगदी काटेकोर पाळली गेली असती, तर हाल आणखी वाढले असते असं माझं मत आहे. रेशनवर परदेशी लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, आली. खाणाऱ्यांनी तिला नावं ठेवली आणि खाल्लीही. कामावर सुकडी, म्हणजे तयार पौष्टिक खाणं, मिळायची. त्या पिढीला खात्यांची नावं आठवत नाहीत, सुकडीची चव आठवते. शहरांत महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तोही याच टंचाईचा भाग.

रोजगार हमीचा प्रयोग १९६५ मध्ये तासगावला झाला होता. दुष्काळाने त्याला बळ दिलं. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला. धान्य मागण्याच्या हक्काला देशाच्या कायद्यात जागा मिळायला २०१३ उजाडलं.

शब्दाचं भूत मात्र उतरलं नाही. २०१५ मध्ये हजारो गावांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली. हे ‘सदृश’ म्हणजे काय, यावरून उच्च न्यायालयात प्रश्न उभा राहिला आणि मे २०१६ मध्ये त्या जागी ‘दुष्काळ’ असं वाचावं असा खुलासा करावा लागला. २०१८ मध्येही आधी ‘सदृश’ आलं, मग ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला.

२०१५ मध्येच विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २ रुपये किलोने गहू आणि ३ रुपये किलोने तांदूळ सुरू झाला. पुढे केंद्राकडून त्यासाठी धान्य मिळेना, तेव्हा २०२३ मध्ये धान्य थांबवून माणशी महिना १५० रुपये बँक खात्यात टाकायचं ठरलं. बहात्तरला हातात पैसा होता, दुकानात दाणा नव्हता. आता दुकान भरलेलं असतं, पण त्या पैशांत किती किलो येतात ते दुकानदाराच्या भावावर.