लिनक्समध्ये आपल्या डोंगलची नोंद: अर्ज कुठे, कागद कोणते

देवगडला शेजारच्या काकांनी हापूसच्या बागेत हवामानाचं यंत्र बसवलं. मोहोराच्या दिवसांत रात्रीचं तापमान आणि दमटपणा कळावा, एवढाच हेतू. त्याचा यूएसबी डोंगल लिनक्सच्या लॅपटॉपला लावला तर दिवा लागला, पण आकडे येईनात. विकणाऱ्याचं उत्तर एकच, "विंडोज टाका." काका म्हणाले, "अर्ज खंय करूचो रे?"

प्रश्न चुकीचा नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, नोंद करून घ्यायची रीतसर पद्धत आहे, आणि तिला फी नाही.

मात्र नवा ड्रायव्हर (वस्तू चालवणारा छोटा प्रोग्राम) लिहायला बसण्याआधी डोंगल उघडून बघा. आम्ही झाकण काढलं तर आत खाऱ्या हवेने पाय हिरवट पडलेली सीएच३४० चिप होती. कर्नलमधला सीएच३४१ ड्रायव्हर ती चालवतो. डोंगलवाल्याने फक्त ओळखक्रमांक बदलला होता, म्हणून ड्रायव्हर त्याला हात लावत नव्हता. 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दोन क्रमांक दाखवते, एक उत्पादकाचा आणि एक वस्तूचा. ते रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून ड्रायव्हरच्या 'न्यू आयडी' फाइलमध्ये लिहिले की आकडे सुरू झाले. पण मशीन बंद झालं की ही नोंद पुसली जाते. पावसात दिवसातून चारदा वीज जाते, म्हणजे चारदा तेच करा. कायमचा इलाज पॅच, म्हणजे कोडमधला नेमका बदल दाखवणारा मजकूर, पाठवण्यातच आहे.

पात्रता: शिक्षण, वय, देश, कशाचीच अट नाही. दिलेला कोड जीपीएल आवृत्ती २ या कर्नलच्या मुक्त परवान्याखाली देण्याचा हक्क तुम्हाला हवा. नोकरीत लिहिला असेल तर मालकाची परवानगी घ्या. निनावी पॅच चालत नाही.

कागदपत्रांत पहिला म्हणजे पॅच. एका पॅचमध्ये एकच बदल, आणि ओळीच्या सुरुवातीला टॅब, स्पेस नव्हे. वर्णनात वस्तू कोणती, आत चिप कोणती, कशावर चालवून पाहिलं ते लिहा, आणि 'यूएसबी-डिव्हाइसेस' या आज्ञेचा निकाल जसाच्या तसा चिकटवा. तपासणारा हार्डवेअर न बघता निर्णय घेतो, त्याच्यासाठी तोच सातबारा. शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय', नाव आणि ईमेल. ही ओळ २००४ पासून आहे. कोड देण्याचा हक्क मला आहे, असं तिच्यातून तुम्ही लिहून देता, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने टाकू नका.

पाठवण्याआधी कर्नलच्या कोडमधल्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमधला चेकपॅच चालवा, तो मांडणीतल्या चुका दाखवतो. पत्ता शोधायला त्याच फोल्डरमध्ये 'गेट मेंटेनर' आहे: पॅच दिलात की कोणाला आणि कोणत्या मेलिंग लिस्टला (सामायिक ईमेल गटाला) पाठवायचं ते सांगतो. लिस्टला साधा मजकूरच लागतो, एचटीएमएल मेल परत येतो. फोनवरून तर पाठवूच नका, 'गिट सेंड-ईमेल' ही आज्ञा वापरा. पॅच मेलच्या अंगातच हवा, जोडपत्र म्हणून नको.

मग थांबा. उत्तराला दोन-तीन आठवडे लागू शकतात. निदान आठवडाभर तरी आठवण करू नका. आमचा पहिला पॅच परत आला, कारण आमची ओळ ड्रायव्हरमधल्या ओळखक्रमांकांच्या यादीत क्रमाने बसवली नव्हती. चूक आमचीच. दुरुस्त पॅचवर 'व्ही२' लिहायचं आणि काय बदललं ते तीन आडव्या रेघांखाली. वाद घालण्यात वेळ घालवू नका, तपासणाऱ्याच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या.

कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. नुसता ओळखक्रमांक जोडणारा पॅच जुन्या स्थिर आवृत्त्यांतही घेतला जातो, ती मुभा नियमातच आहे. पूर्ण नव्या ड्रायव्हरला ती नाही. तिथे परवान्याची ओळ लागते, काही बोर्डांसाठी डिव्हाइस ट्रीचं (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे ते सांगणाऱ्या यादीचं) वर्णन वेगळ्या पॅचमध्ये द्यावं लागतं, आणि पाच-सहा फेऱ्या झाल्या तरी नवल मानू नका.

काकांना पोचपावतीचा नंबर हवा होता. तो पॅच स्वीकारल्यावर मिळतो: चाळीस अक्षरी कमिट क्रमांक, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीची खूण. त्यांनी तो बागेच्या वहीत फवारणीच्या तारखांखाली उतरवून ठेवलाय.