‘आधी संस्थेत नेऊन सोडा’ हा सल्ला चुकीचा

इंदूरच्या मराठी मंडळींत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: सरवटे बसस्थानकावर एखादं मूल तस्करीतलं वाटलं, तर थेट ओळखीच्या स्वयंसेवी संस्थेत नेऊन सोडा, पोलिसांचं लचांड नको. हेतू चांगला, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल 24 तासांत (प्रवासाचा वेळ वगळून) बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. खबरच दिली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. मुलाला कुठे ठेवायचं हे समिती ठरवते.

म्हणून आधी 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा, धोका दिसला तर 112 हा आपत्कालीन नंबर. ‘घरचा नंबर सांग, आत्ता लावतो’ असं मुलाला म्हणू नका. विकणारा नात्यातलाच असू शकतो. मुलाचा फोटो ग्रुपवर टाकणं हाही याच कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, मग कॅप्शन कितीही कळवळ्याचं असो.

संस्थेचं खरं काम पुढे सुरू होतं: समुपदेशन, कोर्टात सोबत आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज. आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी हा अर्ज करता येतो.