थ्री नॉट थ्रीची मशीनगन करणारा गॅरेजवाला

1941 संपता संपता न्यूझीलंडची भलतीच पंचाईत झाली. चांगली शस्त्रं घेऊन त्यांचं सैन्य तिकडे उत्तर आफ्रिकेत ब्रिटनच्या बाजूने लढतंय आणि इकडे जपान युद्धात उतरला. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं, चारच दिवसांनी ऑस्ट्रेलियात डार्विनवर बॉम्ब पडले, आता पुढचा नंबर आपला अशी तिथे सगळ्यांना धास्ती. घर राखायला उभ्या केलेल्या होमगार्डसाठी लाईट मशीनगन हव्या होत्या, पण ब्रेन गन आणणार कुठून, ब्रिटनलाच पुरत नव्हत्या, कारण 1940 मध्ये फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून जीव वाचवून परतताना त्यांचे सैनिक ढिगाने शस्त्रं तिथेच टाकून आले होते. गोदामात शिल्लक काय, तर दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या जमान्यातल्या, चाळीसेक वर्षांपूर्वीच्या ली मेटफर्ड आणि सुरुवातीच्या ली एनफील्ड रायफली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर परवापरवापर्यंत जी थ्री नॉट थ्री दिसायची, तिच्या या आज्या.

न्यूझीलंडमधल्या हेस्टिंग्ज गावात फिलिप चार्लटनचं मोटारींचं वर्कशॉप होतं. तो म्हणाला याच रायफलींच्या मशीनगन करू.

आता यात अवघड काय ते बघा. बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा हँडलवाला दांडा. बोल्टवाल्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर शिपायाला हँडल वर फिरवावं लागतं, मागे ओढावं लागतं (रिकामी पुंगळी बाहेर उडते), पुढे ढकलावं लागतं (नवीन गोळी आत जाते), मग खाली फिरवून लॉक. चार हालचाली. चांगला तयार झालेला ब्रिटिश शिपाई नेम धरून मिनिटाला 15 गोळ्या मारायचा. चार्लटनच्या गनचा वेग मिनिटाला 600 च्या आसपास, म्हणजे सेकंदाला 10, म्हणजे त्या चारही हालचाली सेकंदाच्या दहाव्या भागात उरकायच्या आणि त्याही हात न लावता!

ताकद फुकटात असतेच म्हणा. थ्री नॉट थ्रीची साधारण 11 ग्रॅमची गोळी सेकंदाला 740 मीटरने बाहेर पडते, म्हणजे तिच्यातच 3000 जूल ऊर्जा, आणि दारूतली बरीचशी ऊर्जा त्याशिवाय गरम गॅसमधून नुसतीच वाया जाते. तो गॅस थोडासा बाजूला काढून पिस्टनवर सोडला की पिस्टन मागे पळतो, आणि तो मागे जाताना दाबली गेलेली स्प्रिंग पुन्हा सगळं पुढे आणते. इथपर्यंत नवीन काही नाही, त्या काळच्या बऱ्याच मशीनगन अशाच चालायच्या.

गोची अशी की पिस्टन सरळ रेषेत जातो आणि ली रायफलीचा बोल्ट आधी गोल फिरवावा लागतो. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या जोसेफ ह्यूओने रॉस रायफलीची अशीच मशीनगन केली होती, एक साधारण 50 डॉलरला पडायची जेव्हा त्या काळची नेहमीची लाईट मशीनगन, लुईस गन, हजाराच्या घरात होती, पण त्याचं नशीब बरं, रॉसचा बोल्ट मुळातच नुसता सरळ ओढला की उघडायचा. चार्लटनकडे ती सोय नव्हती. त्याने पिस्टन रायफलीच्या उजव्या अंगाला घेतला, बोल्टचं हँडल कापून नुसता खुंट ठेवला आणि तो खुंट पिस्टनबरोबर सरकणाऱ्या तुकड्यातल्या तिरक्या खाचेत अडकवला. तुकडा मागे गेला की खुंटाला खाचेच्या चढणीवरून वर फिरावंच लागतं, फिरून झालं की मग तो मागे ओढला जातो. जत्रेत दांडा दाबला की गरगर फिरणारा भोवरा मिळतो ना, तेच तत्त्व. मला या गनमधली सगळ्यात झकास गोष्ट हीच वाटते, माणसाच्या मनगटाचं काम एका तिरक्या खाचेने केलं.

टायमिंग मात्र जपावं लागतं. गोळी नळीत असताना आतला दाब हवेच्या दाबाच्या 3000 पट जवळपास जातो आणि पितळी पुंगळी फुगून भिंतीला घट्ट चिकटते. तेवढ्यात बोल्ट उघडला तर पुंगळी फाटते किंवा तिची कड उपटून येते, म्हणून गोळी बाहेर पडून दाब उतरेपर्यंत लॉक सुटता कामा नये, आणि हा सगळा मामला सेकंदाच्या काही हजारांश भागांचा.

त्या कडेचा अजून एक त्रास. थ्री नॉट थ्रीच्या पुंगळीची बुडाची कड जवळपास 1 मिलीमीटर बाहेर आलेली असते. मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या मागे बसली की दोघी अडकतात आणि गन गप्प. हाताने बोल्ट मारणारा शिपाई हिसका देऊन सोडवेल कदाचित, पिस्टन काय सोडवणार. वर मूळ मॅगझिन 10 गोळ्यांचं, सेकंदात खलास, म्हणून ब्रेनचं 30 चं वाकडं मॅगझिन फेरफार करून लावलं. तेही तीन सेकंदच की!

वजन वाढून सव्वासात किलो झालं, ते एका अर्थी बरंच, चार किलोची रायफल निव्वळ गोळीच्या हिशोबाने सेकंदाला 2 मीटरने खांद्यावर आदळते तर ही सव्वा मीटरच्या आतच. खरी अडचण उष्णतेची. ब्रेनची तापलेली नळी काही सेकंदांत बदलता येते, इथे ती सोय नाही, नळीच्या मागच्या भागावर मोटारसायकलच्या इंजिनाला असतात तशा थंड व्हायच्या चकत्या आहेत, पण 40-50 वर्षं जुनी नळी किती सोसणार. म्हणून सूचना अशी की एरवी एकेक गोळीच मारायची, ऑटोमॅटिक फक्त अगदी गळ्याशी आल्यावर. त्यामुळे हिला लाईट मशीनगन म्हणायला माझी जीभ जरा अडखळते, हौसेने मशीनगन झालेली रायफल म्हणा हवं तर.

न्यूझीलंडमध्ये अशा साधारण 1500 रायफली बदलल्या. ऑस्ट्रेलियातही थोड्या झाल्या, त्या केल्या चक्क इलेक्ट्रोलक्सने, हो, व्हॅक्यूम क्लीनरवाली तीच कंपनी, आणि त्यांची गन दिसायलाही बरीच नीटनेटकी होती. जपानी काही न्यूझीलंडला आले नाहीत, त्यामुळे ती तिरकी खाच चिखलात, पावसात, घाईगर्दीत किती टिकली असती याची परीक्षा झालीच नाही. युद्धानंतर पामर्स्टन नॉर्थच्या गोदामाला आग लागली आणि बहुतेक सगळ्या जळाल्या, आज बघायचीच असेल तर लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये किंवा न्यूझीलंडच्या वायोरू इथल्या आर्मी म्युझियममध्ये जावं लागेल.