क्लीन टेक्निक आणि स्टराइल टेक्निक, नक्की फरक काय?

पहिल्या पोस्टिंगला आलेल्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंगच्या मुलांना हे विचारलं ना, की बरेचजण सांगतात स्टराइल म्हणजे जास्त स्वच्छ. तसं नाहीये. क्लीन म्हणजे जंतू कमी केले, स्टराइल म्हणजे एकही जिवंत जंतू नाही, स्पोअर्स म्हणजे काही जंतूंची चिवट, झोपलेली रूपंसुद्धा नाहीत, त्यामुळे थोडंसं स्टराइल असं काही नसतंच.

हात साबणाने 40 ते 60 सेकंद धुवा नाहीतर हँडरबने 20 ते 30 सेकंद चोळा, ते क्लीनच होतात, कातडी काही ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने जंतू मारणारं मशीन) घालता येत नाही. राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणारी नळी) फीड देणं, एनिमा, स्पंजिंग याला तेवढं पुरतं, गरज असेल तिथे साधे ग्लोव्हज. फोलीज कॅथेटरला मात्र नाही चालत कारण तिथे आपण बाहेरची नळी थेट मूत्राशयात नेतोय.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्टराइल ग्लोव्हज घालताना. पहिला ग्लोव्ह उघड्या हाताने दुमडलेल्या कफला (मनगटाकडची कड) धरायचा, कारण ती आतली बाजू आपल्या कातडीलाच लागणार असते. दुसरा उचलताना ग्लोव्हवाली बोटं कफच्या घडीखाली सरकवायची आणि अंगठा लांब ठेवायचा, तो सवयीने दुसऱ्या हाताच्या उघड्या मनगटाला टेकतो आणि गेला ग्लोव्ह. स्टराइल टॉवेलची कडेची साधारण 2.5 सेंटीमीटर पट्टी, कमरेच्या खाली गेलेला हात, पाठ फिरवलेला ट्रे, हे सगळं अनस्टराइलच धरायचं, दिसायला कितीही चकाचक असू दे.

इंजेक्शनमध्ये दोन्ही एकत्र येतं, हात क्लीन पण सुई स्टराइल. स्पिरिटने पुसलेली जागा आपोआप सुकू द्या, फुंकर मारू नका प्लीज, तोंडातले जंतू तिथेच जातात. कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी) लावताना पुसल्यावर परत व्हेन चाचपायची नाही.

प्रोसिजर झाली की लॉगबुकमध्ये सही मिळते ते ठीक आहे, पण माझ्या मते खरं स्किल म्हणजे कोणी बघत नसताना पण "सिस्टर, माझा ग्लोव्ह लागला, दुसरा द्या" असं म्हणता येणं. आणि इन्चार्ज सिस्टर लोकांनो, असं बोलणाऱ्या पोराला ओरडू नका हो, ग्लोव्हच्या एका जोडीपुढे पेशंटचं युरीन इन्फेक्शन केवढं महागात पडतं! कॅथेटरची पहिली केस असेल तर आपल्या साइजची जादा जोडी आधीच ट्रॉलीवर काढून ठेवा, न उघडता.