बटू सिक्लिड (पिल्लांची जातिओळख)

सिक्लिड मत्स्यकुलातील सुमारे १० सेंमी.च्या आत राहणाऱ्या जातींना मत्स्यपेटीचे शौकीन ‘बटू सिक्लिड’ म्हणतात. वर्गीकरणात या संज्ञेला स्थान नाही. दक्षिण अमेरिकेतील आपिस्टोग्रामा व मायक्रोजिओफॅगस आणि पश्चिम आफ्रिकेतील पेल्विकाक्रोमिस या प्रजाती (जवळच्या जातींचे गट) त्यात मुख्यतः येतात.

दोन-अडीच सेंमी.च्या पिल्लाचे आधी कुल पाहावे. सिक्लिडांना प्रत्येक बाजूस एकच नाकपुडी असते आणि बहुतेकांची पार्श्वरेखा (कुशीवरून जाणारी संवेदनांची रेषा) दोन तुकड्यांत तुटलेली असते. कोल्हापुरात ही चाळणी पुरत नाही. तळ्यातून आणलेल्या शेवाळाबरोबर चिलापीचे, म्हणजे १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाचे, पिल्लू पेटीत येऊ शकते आणि तेही सिक्लिडच. त्याच्या पृष्ठपक्षाच्या (पाठीवरच्या पराच्या) मऊ भागाच्या बुडाशी काळा ठिपका असतो. एट्रोप्लस या भारतीय सिक्लिडाच्या गुदपक्षात (गुदद्वारामागच्या परात) बारा किंवा अधिक काटे असतात, तर आपिस्टोग्रामात बहुधा तीनच. पिल्लू अरुंद काचपात्रात घेऊन मागून उजेड दिला, की भिंगाने ते मोजता येतात.

‘राम’ नावाने विकल्या जाणाऱ्या माशाच्या नावाचा घोळ मोठा आहे. मायर्स व हॅरी यांनी १९४८ मध्ये त्याचे वर्णन आपिस्टोग्रामा रामिरेझी म्हणून केले. पुढे त्याला आपिस्टोग्रामातून वेगळे काढण्यात आले, पण नव्या प्रजातीच्या नावावर एकमत होईना. फ्राय यांचे १९५७ चे ‘मायक्रोजिओफॅगस’ नामकरणाच्या नियमानुसार वैध ठरत नसल्याचे मानले जाते. कुलांडर यांनी १९७७ मध्ये ‘पॅपिलिओक्रोमिस’ सुचवले. म्यूलेनग्राख्ट-मॅडसेन यांनी १९६८ मध्ये वापरलेले ‘मायक्रोजिओफॅगस’ रोमन लिपीत ‘सी’ऐवजी ‘के’ने लिहिलेले आहे. तेच आज अधिक ग्राह्य धरतात आणि ते रास्त वाटते. देवनागरीत हा भेद उमटत नाही.

रामच्या पिल्लाच्या डोळ्यातून उभा काळा पट्टा जातो आणि कुशीवर काळा डाग असतो. इलेक्ट्रिक ब्ल्यूसारख्या निवडीने घडवलेल्या वाणांत हा डाग बहुधा हरवलेला असतो. तेथे खुणेचा भरवसा धरू नये. आपिस्टोग्रामात कुशीवरून आडवा पट्टा असतो, पण तो घाबरलेल्या पिल्लात काही क्षणांत पुसट होऊन उभे पट्टे दिसू लागतात. पिशवीतून पेटीत सोडताच टिपलेल्या छायाचित्रावरून नाव सांगणे त्यामुळे धोक्याचे. आपिस्टोग्रामाच्या काकाटुओइडीस जातीत कुशीच्या खालच्या भागात बारीक आडव्या रेषा दिसतात. वयात आल्यावर या जातीच्या नराच्या शेपटीला दोन टोके येतात, अगासिझी जातीच्या नराची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी निमुळती होते, तर बोरेलीची गोलच राहते. पिल्लात यांपैकी काही नसते. शिवाय माद्या एकमेकींसारख्या दिसतात, आणि दबलेला नरही मादीसारखा दिसतो. मॅकमास्टेरी गटातील माद्यांबाबत तर पकडल्याचे ठिकाण ठाऊक नसेल तर ‘आपिस्टोग्रामा, जात अनिश्चित’ एवढीच नोंद करावी.

पेल्विकाक्रोमिसपैकी दुकानात ‘क्रिबेन्सिस’ म्हणून मिळतो तो बहुधा पुल्चर जातीचा (वर्णन बूलेंजर, १९०१) असतो. क्रिबेन्सिस ही वेगळी जात आहे.