थंब लागत नाही म्हणून परत पाठवतात? आधी हे वाचा

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत उमेदीची वर्षं घालवलेले कामगार, वडगाव-खासबागचे विणकर, हात भाजलेले, कुष्ठरोगाने बोटं गेलेले. यांची तक्रार एकच असते: थंब लागत नाही, म्हणजे रेशन किंवा पेन्शनसाठी आधारच्या मशीनवर अंगठ्याचा ठसा जुळत नाही. मशीनवाला दोनदा बोट पुसायला लावतो आणि 'आधार अपडेट करून या' म्हणून वाटेला लावतो. अपडेट होतं, पैसे जातात, आणि पुढच्या महिन्यात मशीन परत लाल. झिजलेलं बोट नव्याने स्कॅन केलं तरी ते झिजलेलंच राहणार, हे त्या माणसाला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

म्हणून केंद्रावर जाण्याआधी आपली अडचण नेमकी कुठली ते ओळखा. बोटंच नसणं वेगळं, बोटं असून ठसा न उमटणं वेगळं. आणि तिसरी अडचण तर बोटांची नसतेच.

बोटं किंवा हात नसतील, तर आधार मिळणार नाही असं सांगणारा ऑपरेटर चुकीचं सांगतो. 2016 च्या आधार नोंदणी नियमांतला सहावा नियम अशाच लोकांसाठी आहे. ठसे देता येत नसतील तर फक्त डोळ्यांच्या बुबुळांवर नोंदणी होते, आणि बुबुळंही घेता येत नसतील तरी होते. डिसेंबर 2023 मध्ये केरळात बोटं नसलेल्या एका महिलेला आधार नाकारल्याचं प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. तेव्हा आधार देणाऱ्या प्राधिकरणानेच (यूआयडीएआय) सांगितलं की ठसे किंवा बुबुळं देऊ न शकणाऱ्या सुमारे 29 लाख लोकांना आधार दिलेलं आहे. इतक्या लोकांचं झालं, मग आपल्या तालुक्याच्या केंद्रात 'सिस्टीम घेत नाही' हे उत्तर का ऐकून घ्यायचं?

सिस्टीम घेते. ऑपरेटरने नसलेली बोटं स्क्रीनवर 'अपवाद' म्हणून दाखवायची असतात, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा वेगळा फोटो काढायचा असतो, आणि केंद्राच्या सुपरवायझरने ती नोंदणी मंजूर करायची असते. गाडं अडतं ते फोटोपाशी. आपल्या बायका संकोचाने तुटलेला हात पदराखाली घेतात, ऑपरेटरही घाईत 'राहू दे मावशी' म्हणून नुसता चेहरा टिपतो, आणि अर्ज पुढे नामंजूर होतो. सोबत जाणाऱ्याने घरीच समजावून सांगावं की हा फोटो कशासाठी आहे, हात उघडा का ठेवायचा. ऑपरेटर ऐकत नसेल तर त्याच्याशी वाद न घालता सरळ सुपरवायझरला बोलवायला सांगा. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड असेल तर जवळ ठेवा. ही नोंदणी माहेरच्याच केंद्रावर करावी लागते असं नाही, माहेर महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजकडचं असलं तरी खानापुरात, बेळगावात काम होतं.

बोटं आहेत पण ठसा उमटत नाही, ही अडचण सगळ्यात जास्त लोकांची. इथे पहिली गोष्ट: अंगठाच लागतो असं कुठेही नाही. दहापैकी कुठलंही बोट चालतं. विडी वळणाऱ्या बाईचा अंगठा आणि तर्जनी गेलेली असते, पण डाव्या हाताची अनामिका बहुधा शाबूत असते. दुकानदाराला शांतपणे सांगून एकेक बोट लावून बघा. त्यानंतर बुबुळ किंवा चेहऱ्यावरून ओळख, नाहीतर मोबाईलवर ओटीपी. ओटीपीत आपल्या भागातली हमखास अडचण म्हणजे आधारला भावाचा नंबर जोडलेला असतो, आणि बहीण उभी असते निपाणीच्या रेशन दुकानात. भाऊ फोन उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपते. आधार केंद्रात जाऊन आपला किंवा घरातल्याचा नंबर लावून घ्या. त्यासाठी केलेली फेरी वाया जात नाही.

आणि यातलं काहीच चाललं नाही तर? तरीही धान्य नाकारता येत नाही. 24 ऑक्टोबर 2017 च्या केंद्राच्या सूचना स्पष्ट आहेत: मशीनने ओळख पटली नाही म्हणून लाभार्थ्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही, कागदपत्रं बघून धान्य द्यायचं आणि वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची. दुकानदार 'रजिस्टर नाही' म्हणाला तर तहसीलदार कचेरीत अन्न खात्याकडे लेखी अर्ज द्या. तोंडी तक्रारीला तिथे किंमत नाही. अर्ज मराठीत दिला तरी चालतो. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. तरी माझा सल्ला असा की सोबत कन्नड प्रत जोडा. हक्क सोडायचा म्हणून नाही, फाईल टेबलावर पडून राहू नये म्हणून. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तिसरी अडचण लॉकची. फसवणुकीच्या बातम्या ऐकून मुलगा मोबाईलवर वडिलांचं बायोमेट्रिक लॉक करतो, म्हणजे ठसा-बुबुळ कुणाला वापरता येऊ नये म्हणून बंद करून ठेवतो, आणि विसरतो. मग चांगला ठसासुद्धा लागत नाही. 1947 वर फोन करून विचारा, तिथे मराठीत बोलता येतं.

आता पेन्शनवाल्यांसाठी. केंद्र सरकारच्या पेन्शनरांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, ऐंशी ओलांडलेल्यांना तो 1 ऑक्टोबरपासून देता येतो. पण फाउंड्री, साखर कारखाना, गिरणी इथून निवृत्त झालेले, पीएफची ईपीएस-95 पेन्शन घेणारे यांना नोव्हेंबरचं बंधन नाही. त्यांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. मार्चमध्ये दिला असेल तर पुढच्या मार्चपर्यंत. तरी दरवर्षी ही म्हातारी माणसं नोव्हेंबरच्या रांगेत उभी दिसतात, आणि ज्याची मुदत खरोखर जूनमध्ये संपली तो मात्र नोव्हेंबरची वाट बघत बसतो आणि त्याची पेन्शन थांबते. मागच्या दाखल्याची पावती काढून तारीख बघा. अंगठा लागत नसेल तर स्मार्टफोनवर चेहऱ्यावरून दाखला निघतो, किंवा पोस्टमनला घरी बोलवा. चेहऱ्याने काढताना उजेड समोरून पडेल असं बसवा आणि चष्मा काढायला लावा.