पिकअप मध्येच जातो आणि परत येतो: गाडी दाखवायला आणण्याआधी

गाडी कायमची बंद पडली तर दोष शोधणं तुलनेनं सोपं जातं. पण चालता चालता अचानक ओढायची थांबते, थोडं अंतर रडतरखडत जाते आणि मग काही झालंच नाही अशी पळू लागते, तेव्हा काम अवघड होतं. गाडी वर्कशॉपमध्ये येईपर्यंत दोष बहुतेक वेळा नाहीसा झालेला असतो. मग आमच्याकडे दोनच आधार उरतात: इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये साठलेली नोंद आणि तुम्ही सांगितलेली माहिती. पहिली पुसू नये आणि दुसरी नेमकी असावी, यासाठी हे पत्रक.

बॅटरीची वायर काढू नका

‘बॅटरी काढून लावा, सगळं रीसेट होईल’ हा सल्ला सर्रास मिळतो. कृपया तो ऐकू नका. चेक इंजिनचा दिवा लागतो त्या क्षणी कंट्रोल युनिट फॉल्ट कोडबरोबर आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान आणि इंजिनवरचा लोडही साठवून ठेवतं. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष कोणत्या परिस्थितीत आला ते त्यातून कळतं. अनेक गाड्यांत बॅटरी काढली की ही नोंद जाते, आणि स्कॅनरवर कोड क्लिअर केले तरी जाते. तुमच्याकडे स्कॅनर असेल तर कोड वाचा, फोटो काढा आणि तिथेच थांबा. दिवा आपोआप विझला असला तरी या, कारण कोड आत काही काळ राहतो.

आधी हे बघा: ताकद खरंच इंजिनचीच जाते का?

ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा झपकन वर जातो पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही, असं असेल तर मॅन्युअल गाडीत क्लच घसरतोय. इंजिन ठणठणीत असू शकतं. थोडं चालवून थांबल्यावर एकाच चाकातून जास्त धग आणि जळका वास येत असेल तर तो ब्रेक सुटत नाहीये. रिमला हात लावू नका, जवळून धग जाणवते. छोट्या इंजिनच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर चालू झाल्यावर चढावर किंचित जड वाटणं हा दोष नाही.

दोष कधी येतो, यावर सगळं अवलंबून आहे

गरम झाल्यावरच येतो: संशय इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) आणि क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा) यांच्यावर जातो. कॉइलच्या आतलं इन्सुलेशन कमजोर झालं की थंड असताना ती ठीक चालते, तापल्यावर मिसिंग, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन मध्येच न जळणं, सुरू होतं आणि गाडी झटके मारते. क्रँक सेन्सरची तऱ्हा वेगळी. इंजिन झटका न देता सरळ बंद पडतं, चालत्या गाडीतही आरपीएमचा काटा शून्यावर येतो आणि पंधरा-वीस मिनिटं थंड झाल्यावर गाडी पुन्हा सुरू होते. काटा पाहिलात तर लक्षात ठेवा, त्या एका गोष्टीने बराच शोध वाचतो.

चढावर, ओव्हरटेक करताना किंवा गाडी भरलेली असताना येतो: इंजिनला जास्त इंधन लागतं तेव्हाच ते कमी पडतंय. चोंदलेला फिल्टर किंवा थकलेला पंप आयडलिंगला आणि सपाट रस्त्यावर पुरा पडतो, जोर लागला की उघडा पडतो. टाकीत कचरा असेल तर तो पंपाच्या जाळीला चिकटतो, इंजिन बंद केल्यावर ओढ थांबते, कचरा खाली बसतो आणि गाडी पुन्हा काही वेळ छान चालते. टाकी पाव भागाच्या खाली असतानाच त्रास होतो का, तेही पाहा. एक साधी चाचणी तुम्हालाही करता येते. ताकद गेल्यावर सुरक्षित जागी, जवळ विस्तव नसेल तिथे, इंजिन बंद करून टाकीचं झाकण उघडा. हवा जोरात आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुधारली, तर टाकीचा हवेचा मार्ग बंद आहे. हलकी फुस्स मात्र नेहमीचीच असते.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर येतो: कॉइलचं रबर, प्लगच्या खोबणीत उतरलेलं पाणी, किंवा कनेक्टरमधली ओल.

खड्ड्यात, वळणावर किंवा गिअर बदलताना येतो: वायरिंग, सैल अर्थिंग, किंवा एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जाणारा रबरी होज. त्या होजला चीर बहुधा खालच्या बाजूला पडते आणि वरून दिसत नाही. इंजिन माउंटवर (त्याच्या रबरी आधारांवर) डोललं की चीर उघडते, सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण बिघडतं. इंजिन स्थिर झालं की चीर मिटते.

गाडी ठरावीक आरपीएमच्या वर जात नाही, पण बंद करून पुन्हा सुरू केली की ठीक होते: हा लिम्प मोड आहे. कंट्रोल युनिटला काहीतरी धोकादायक वाटलं म्हणून त्याने स्वतःहून ताकद आवळली. टर्बो डिझेलमध्ये बूस्टचा (टर्बोने दाबलेली हवा नेणारा) होज निसटणं, टर्बोच्या ॲक्च्युएटरची (त्याचा दाब नियंत्रित करणाऱ्या भागाची) बारीक व्हॅक्यूम नळी फाटणं, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), काजळीने भरलेला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) ही नेहमीची कारणं. होज फाटला असेल तर जोर देताना सुस्कारा ऐकू येतो, काळा धूर दिसतो आणि जोडाशी तेलाचा ओलसर डाग असतो. पेट्रोलमध्ये थ्रॉटल बॉडी किंवा पेडलच्या सेन्सरवर लक्ष जातं. या सेन्सरमध्ये मुद्दाम दोन वेगळे सिग्नल असतात आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत की युनिट ताबडतोब ताकद कमी करतं.

म्हणून दोष आला की, गाडी थांबवल्यावर, एवढं लिहा: इंजिन थंड की गरम, वेग, गिअर, आरपीएम, टाकीत इंधन किती, एसी चालू की बंद, पाऊस, कोणता दिवा लागला, आणि कशाने ठीक झालं. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. शेजारी कोणी असेल तर डॅशबोर्डचा व्हिडिओ त्यांना घेऊ द्या, चालवताना स्वतः घेऊ नका.

आम्ही काय तपासतो

अंदाजाने पंप किंवा कॉइलचा सेट बदलणं आम्हाला पटत नाही. कॉइलचा संशय असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून बघतो. कोड पी ०३०२ (दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग) वरून पी ०३०३ (तिसऱ्याचं) वर गेला तर दोष कॉइलचाच. नाही गेला तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग आणि कॉम्प्रेशन पाहावं लागतं.

मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) इंजेक्शन असलेल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंधनाचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो. उभ्या गाडीवरचं मोजमाप इथे पुरेसं नाही. गेज लावून गाडी चढावर नेतो, कारण जोर देताना दाब कोसळतो का तेच बघायचं असतं. डिझेल कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या सामायिक नळीत) दाब हजार बारच्याही वर जातो. त्या पाइपांचे नट घरी कधीही सैल करू नका. ती धार कातडीतून आत घुसते आणि जखम बारीक दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे मिश्रण बरोबर ठेवायला युनिट इंधनात करत असलेली वाढ-घट, पाहतो. ते साधारण अधिक-उणे १० टक्क्यांत असावं. आयडलिंगला २० टक्क्यांच्या वर आणि रेस वाढवल्यावर खाली येत असेल तर कुठेतरी हवा गळते आहे. उलट जोर देताना वाढत असेल तर इंधन कमी पडतंय किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय.

इंजिन आयडलवर ठेवून हार्नेस (वायरांचा जुडगा) हाताने हलवतो. वायरचं आवरण शाबूत असून आतली तार तुटलेली असते, ती अशीच सापडते. अर्थिंगसाठी स्टार्टर फिरवताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यातलं व्होल्टेज मोजतो. ते ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवं. एवढं करूनही काही हाती लागलं नाही तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) तपासतो. आतली जाळी फुटली की तुकडा फिरत राहतो आणि कधी मार्ग अडवतो, कधी सोडतो. २५०० आरपीएमला एक्झॉस्टमधला उलट दाब ०.२ बारच्या वर असेल तर तो मोकळा श्वास घेत नाहीये.

गाडी चालवू नका

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं आहे की न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होऊ शकतो. पाय लगेच हलका करा. तरीही लुकलुकणं थांबलं नाही तर गाडी टो करून आणा. ऑइलचा लाल दिवा, तापमानाचा काटा लाल भागात, किंवा इंधनाचा वास आला तर इंजिन त्याच वेळी बंद करा.

वाहतुकीत इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक एक-दोनदाच हलका लागतो. म्हणून पेडल पंप करू नका, एकदाच दाबून धरा. हझार्ड लाइट लावा, कडेला या, आणि गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

दुरुस्तीनंतर तुमचा दोष ज्या परिस्थितीत यायचा त्याच परिस्थितीत गाडी चालवून बघतो. गरम झाल्यावर येणारा दोष दहा मिनिटांच्या फेरीत तपासता येत नाही, त्यामुळे गाडी दिवसभर ठेवायला सांगितली तर तेवढा वेळ द्या.